एका तव्याभोवती

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विचिटा नावाचे नगर आहे. तेथे १९५८ साली डॅन व फ्रँक कार्नी या विद्यार्थी बंधूंनी मातेकडून ६०० डॉलर उसने घेऊन एक लहानसे पिझ्झागृह थाटले. ‘पिझ्झा हट’ या जगद्विख्यात साखळीचा उगम तो हाच. ती विटांची मूळ वास्तू आता तेथील विद्यापीठाच्या आवारात असून २०१८ पासून तिचे संग्रहालय झाले आहे.

ते पाहून आम्ही भगिनीच्या कुटुंबासह नगरातील एका साध्या पिझ्झागृहात गेलो. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवार असल्यामुळे मांस वर्ज्य; केवळ चीज, टोमॅटो व ढोबळी मिरची यांचा पिझ्झा मागविला. नेपल्सचा पिझ्झा पातळ व बहुधा एकट्यापुरता असतो; हा मात्र जाड, लोखंडी तव्यात भाजलेला आणि सर्वांमिळून एकच! आमचा थोरला भाचा घरी आपले ताट खोलीत नेऊन जेवतो, पित्याशी मोजकेच बोलतो. येथे ती सोय नव्हती. प्रार्थना झाली, चीजचे तंतू ताणले गेले. आणि शेवटचा तुकडा त्याने मुकाट्याने वडिलांपुढे सरकविला. वडिलांनी त्याचे दोन भाग केले.

वाचकहो, अम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांना प्रभूची ओळख दीर्घ संभाषणाने पटली नाही. ती पटली भाकर मोडताना. आपल्या घरीही दिवसातून एकदा तरी ती सर्वांनी एकत्र मोडावी.