दोन रकाने

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली आहे. डावीकडे ‘चित्र’, उजवीकडे ‘काम’. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत माझ्या डोळ्यांदेखत जे जे निघून चाललं आहे, ते इथं नोंदवते. डावा रकाना भराभर भरतो, उजवा रिकामा राहतो. मला चित्रं काढायची आहेत आणि माती, पाणी, झाडं यांच्यासाठी उभंही राहायचं आहे. त्यासाठी दोन जन्म लागू नयेत, एवढंच मागणं घेऊन ही वही सुरू केली.

पांढरी माती

शेताला काळी म्हणतात, गावठाणाला पांढरी. दिवाळीच्या आधी बाया खाणीवरून पांढऱ्या मातीची टोपली आणायच्या, रात्रभर भिजत घालायच्या आणि सकाळी फडक्यानं भिंती पोतारायच्या. ओली भिंत राखाडी दिसायची, मग वाळत वाळत पांढरी होत जायची. खाली हातभर गेरूचा पट्टा. आज्जीचा हात मनगटातून नाही, खांद्यापासून फिरायचा, म्हणून भिंतीवर एकात एक अर्धवर्तुळं उमटायची. मी शिकलेली पहिली रेषा तीच. आता घराला डिस्टेंपर आहे आणि खाणीच्या खड्ड्यात गावचा कचरा पडतो.

चित्र: नऊ, सगळी त्याच मातीत.
काम: कचऱ्याखालून चार पोती माती काढून ठेवली. खड्डा तसाच आहे.

माळवद

दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा. वर दिवसा वाळवणं, रात्री अंथरुणं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती, तेव्हा किल्लारीची आणि भोवतालच्या गावांची जमीन हलली. छताची माती आणि भिंतींचे दगड झोपलेल्यांवर आले. सुमारे 10 हजार माणसं गेली. गावंच्या गावं नव्या जागी बसवली गेली.

माझा जन्म त्यानंतरचा, तरी आमच्या घरात मातीच्या छताखाली कुणी झोपत नाही. ही नोंद करताना हात अडखळतो. गेलेलं सगळंच परत यावं असं नाही. माळवद परत नको. त्याचा गारवा मात्र हवा आहे, कारण त्याच्या जागी आलेल्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसवत नाही.

चित्र: एक. तेही पूर्ण केलेलं नाही.
काम: आमच्या पत्र्याला चुन्याचे दोन हात दिले. धग उतरली. आज्जी दुपारी आत झोपू लागली.

विटकरी लाल, पांढरा, काळा

कंधार, लोहा, मुखेडकडची लाल कांधारी गाय: अंगभर भाजलेल्या विटेचा रंग. लातूर जिल्ह्यातली देवणी, तिच्या तीन तऱ्हा. अंग पांढरं आणि तोंडाशी काळा रंग असेल तर वानेरा, सगळी पांढरी असेल तर बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे असतील तर शेवरा. रंगांसाठी इतके नेमके शब्द मला कुठल्याच वर्गात मिळाले नाहीत. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत एक म्हातारे बाबा लांबूनच जनावराची तऱ्हा सांगत होते. मी त्यांच्याजवळ अर्धा दिवस बसले. ट्रॅक्टर आला तसे दावणीचे बैल गेले. बैल गेले तसे हे शब्दही गोठ्यातून उठले.

चित्र: सत्तावीस.
काम: तिन्ही तऱ्हांची चित्रं, खाली नावं, अशी एक पाटी करून गावच्या शाळेत लावली. आता पोरं गाय दिसली की तऱ्हा ओळखतात.

घागरीतला तळ

2016 मध्ये मी आठवीत होते, लातूरला मामाकडे शिकायला. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून 10 वाघिणींची पहिली गाडी आली, 5 लाख लिटर पाणी घेऊन. आमच्यासाठी पाणी जवळपास 350 किलोमीटर रुळांवरून आलं.

त्या उन्हाळ्यात ब्रश धुवायला दिवसाला एक वाटी पाणी मिळायचं. सकाळी नितळ, दुपारी मातकट, संध्याकाळी सगळ्या रंगांचं मिळून एक करडं पाणी उरायचं. मामी म्हणाली, “ते टाकू नको, कुंडीत घाल.” मी ते टाकलंही नाही आणि कुंडीतही घातलं नाही. त्याच करड्या पाण्यानं रांगेतल्या घागरी काढल्या. आजवरच्या माझ्या चित्रांत ती सगळ्यात खरी.

चित्र: अकरा घागरी.
काम: अजूनही दिवसाला एकच वाटी.

रस्त्याच्या कडेचा वड

तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड: हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 361 झाला. लहानपणी एस.टी.च्या खिडकीतून मी वड, लिंब, चिंचा मोजायची. मोजता मोजता झोप लागायची. रुंदीकरणात ती झाडं गेली. गाडी आता लवकर पोचते, पण तेवढ्या वेळात मोजायला काही नाही.

बीडजवळ पालवणच्या डोंगरावर फेब्रुवारी 2020 मध्ये वृक्षसंमेलन भरलं. नट सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईनं ते भरवलं आणि अध्यक्षपदी होता एक वड. बातमी वाचून मी कितीतरी वेळ गप्प होते. नाटक-सिनेमातला माणूस रंगमंचाची रीत घेऊन झाडाकडे गेला होता. मला हवं होतं ते कुणीतरी आधीच करून बसलं होतं, याचा हेवा वाटला नाही. वाट आहे, एवढं कळलं.

चित्र: आठवणीतून सोळा झाडं, किलोमीटरच्या दगडांसकट.
काम: वडाच्या फांद्या लावल्या, सात. जगल्या दोन.

नदीचा तळ

नांदेडच्या गोवर्धन घाटावर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की पायाची बोटं दिसायची, असं जुनी माणसं सांगतात. मी ती पाहिलेली नाहीत. माझ्या वाट्याची गोदावरी उन्हाळ्यात जलपर्णीखाली असते. शहरातलं सांडपाणी त्या जलपर्णीला खाऊ घालतं आणि ती वाढते.

एका मे महिन्यात दोन पोती जलपर्णी ओढून काढली. मुळं तोडली, देठांचे बोटभर तुकडे केले. सोडा घालून पितळी घंगाळात उकळले, धुतले, पाट्यावर वाटले. जाळीच्या चौकटीत लगदा घेऊन पाण्यात हलवला आणि फडक्यावर उलटा केला. सकाळी फडकं सोललं तर हातात कागद होता. काहीसा हिरवट, खरखरीत, शाई पसरवणारा. पहिल्या पंचवीसपैकी चार धड निघाले.

चित्र: घाट, त्याच चार कागदांवर.
काम: दोन पोती. नदीच्या मानानं काहीच नाही. पण या नोंदीत पहिल्यांदा दोन्ही रकान्यांतली वस्तू एकच झाली.

माळ

गायरान, गवत, मुरूम. तिथला पक्षी धाविक: मातकट अंग, डोळ्यावरून पांढरी आणि काळी रेघ, उडण्याआधी धावतो. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पडीक म्हणतात. मीही तेच धरून चालले आणि मैत्रिणींना घेऊन माळावर चाळीस खड्डे घेतले, रोपं लावायला. मेंढरं चारणारे एक मामा काठी टेकून उभे राहिले. “झाडं लावायलात ते बरंय. पण गवताची जागा कुठंय मग?”

माळाला गवत हवं असतं. धाविक उघड्यावर अंडी घालतो. मेंढरं, खोकड, ससे सगळे त्या उघडेपणावर जगतात. आम्ही त्याला ओसाड समजलो. जिथं हात चालतो तिथं आधी डोळा चालला पाहिजे. चित्रकलेनं मला हे शिकवलं होतं, पण त्या दिवशी मी ते विसरले होते.

चित्र: धाविकाची जोडी, पेन्सिलीत.
काम: चाळीस खड्डे बुजवले.

झेंड्याचं सूत

राष्ट्रध्वजाचं खादीचं कापड उदगीरला विणलं जातं आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे ध्वज होतात. 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहिता बदलली. आता यंत्रावरचं, पॉलिस्टरचं कापडही चालतं. पॉलिस्टर मातीत कुजत नाही. खादी कुजते, सुताची पुन्हा माती होते.

चित्र: धोट्याची रेखाटनं.
काम: गावच्या शाळेत खादीचाच झेंडा लागावा म्हणून वर्गणी काढली. जमली.

बारव

गावोगावच्या पायऱ्यांच्या विहिरी. रोहन काळे यांनी महाराष्ट्र बारव मोहीम काढली, लोकांनी नकाशावर शेकडो बारवा टिपल्या, गाळ उपसला, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले. दिवे लागले की बारव किती खोल आहे ते कळतं.

चित्र: प्रत्येक पायरीची वेगळी सावली.
काम: तीन रविवार गाळ. पाणी अजून लागलं नाही.

खोडलेल्या ओळी

जर्मनीतल्या कासेल शहरात जोसेफ बॉइस या कलावंतानं 1982 मध्ये संग्रहालयापुढे 7 हजार काळे दगड ओतून ठेवले. अट एकच: शहरात एक झाड लागलं की एक दगड उचलायचा आणि झाडाशेजारी उभा करायचा. ढीग कमी होईल तसं काम दिसेल. 1986 मध्ये बॉइस गेले आणि शेवटचं झाड त्यांच्या मुलानं 1987 मध्ये लावलं. ते दगड बसाल्टचे होते, आपल्या पायाखालचाच काळा दगड.

ते वाचल्यापासून माझी वही मला तसा ढीग वाटते. ती जाड होण्यात काही मोठेपणा नाही, ती कमी झाली पाहिजे. दोन ओळी आजवर खोडता आल्या. निलंगा तालुक्यातली पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूर: दोघींना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात माझा हात नाही. खोडताना आनंद मात्र माझा होता.

उगवलेलं चित्र

2019 च्या शिवजयंतीला निलंग्यात मंगेश निपाणीकर या कलावंतानं सुमारे 6 एकर जमिनीवर शिवाजी महाराजांचं चित्र उगवून आणलं. बी पेरलं, ते हिरवं होऊन वर आलं आणि त्याचा चेहरा झाला. बांधावर उभं राहिलं तर नुसतं हिरवं दिसावं, उंचावरून पाहिलं तर महाराज. काही दिवसांनी ते वाळलं असणार. हे चित्र मी नोंदीत घेते, कारण गळणं, वाळणं, मातीत जाणं त्याच्या अंगातच आहे. माझ्याच मुलखातल्या माणसानं रंगाऐवजी बी हातात घेतलं, हे मला पुष्कळ दिवस पुरलं.

चित्र: त्यांचं.
काम: बी निवडायला शिकले.

कोप

डिसेंबर-जानेवारीत येळवस येते, वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि शेजारच्या मुलखातलं घर न् घर शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप करतात. आत पाच दगड, चुन्यानं रंगवलेले, पांडव म्हणून. पुढ्यात भज्जी, उंडे, आंबिलाची बिंदगी. दिवसभर शेताशी बसायचं.

आमच्याकडे सोयाबीन निघालं की हरभरा पडतो. ज्वारीला काढणीचा मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस नाही. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही. गेली काही वर्षं आम्ही चार काठ्यांवर साडी टाकून कोप करायचो. मी साडीचीच कोप काढत राहिले. चित्रं चांगली येत, पण साडीला ज्वारीचा वास नव्हता.

मागल्याच्या मागल्या दसऱ्याला वडिलांना, बापूंना, वीस गुंठे मागितले. मालदांडी ज्वारी पेरायची, मी म्हणाले.

“चित्रासाठी ज्वारी पेरायची म्हणायलीस?”

“व्हय.”

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिफण बाहेर काढली.

कणसं भरली तेव्हा रोज पहाटे डबा वाजवत पाखरं हाकली. पहिले चार दिवस सगळी हाकली. पाचव्या दिवशी बांधाकडच्या दोन ओळी त्यांना सोडल्या. फाल्गुनात काढणी झाली. ज्वारी घरात आली, कडबा आमच्या देवणी गाईला गेला आणि पाच पेंढ्या मी आढ्याला बांधून ठेवल्या. येळवस यायला अजून नऊ-दहा महिने होते. या वर्षीच्या कोपेला मागच्या सुगीचा कडबा लागतो, हे हातानं केल्यावर कळलं. म्हणजे एक कोप उभी करायला वर्ष लागतं. त्या वर्षात पेरणी असते, पाखरं असतात, गाय असते, बापूंचं न बोलणं असतं.

यंदाच्या येळवसेला त्या पाच पेंढ्या उभ्या केल्या. आज्जीनं दगडांना पांढऱ्या मातीचा हात दिला, खाणीतून काढून ठेवलेल्या त्याच पोत्यातल्या. पोतारताना हात खांद्यापासूनच फिरला. वही बरोबर होती. डाव्या रकान्यात लिहिलं: कोप. उजव्यात लिहायला घेतलं तर तोच शब्द आला.

संध्याकाळी कोप उतरवली. पेंढ्या गाईपुढं टाकल्या. वीस गुंठ्यांत आता गुडघाभर मालदांडी उभी आहे.

चित्र, काम: पुढच्या सुगीच्या पाच पेंढ्या.