राबलेले बोट आणि नवा पडदा

पुस्तक वाचायचे यंत्र, म्हणजे ई-रीडर, आता आपल्यापैकी काही घरांतही आले आहे. नवे मॉडेल निघाले की जुने टाकून ते घ्यावे, असा मुलांचा आग्रह सुरू होतो. बोट टेकताच पान उलटते, हे त्याचे मोठे कौतुक. पण बोट कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. आम्हाला हा प्रश्न आमच्या आईमुळे पडला.

आई सत्तरीच्या पुढची. रत्नागिरीजवळच्या खाणींवर जांभ्याचे चिरे उचलण्यात आणि पावसाळ्यात भातलावणीत तिचे आयुष्य गेले. वाचायला ती प्रौढ वर्गात शिकली. मोतीबिंदूनंतर बारीक छपाई तिला जमेना. यंत्रात अक्षर हवे तेवढे मोठे होते, म्हणून आम्ही ते घेतले. अक्षर छान दिसे. पण पान उलटायला आईने बोट टेकले की पडदा ढिम्म! आमच्या मुलीने टेकले की लगेच पान उलटे. “बाला, माजी बोटा काय ह्याला दिसत नाय?” असे आई विचारी. मुलगी म्हणाली, नवे मॉडेल घेऊ. हजारो रुपये मोजण्याआधी आम्ही ही भानगड समजून घ्यायचे ठरवले.

पडद्याच्या दोन तऱ्हा आहेत. २०११ सालच्या किंडल टचमध्ये पडद्यावरून न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची जाळी होती. बोट असो की पेन्सिल, काहीही आड आले की पान उलटे. २०१२ साली आलेल्या पेपरव्हाइटला मात्र मोबाईलसारखा पडदा होता. अशा पडद्यावर विजेचा सूक्ष्म भार असतो. बोटाने त्यात पडणारा फरक यंत्र ओळखते. कोरड्या, घट्टे पडलेल्या कातडीने तो फरक फार थोडा पडतो. उलट पावसाचा थेंब पडला तर बोट नसतानाही पान उलटू शकते. हा दोष एका कंपनीचा नाही, पद्धतीचा आहे.

पान सावकाश उलटण्याचे कारण वेगळे. ई-शाईच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेने ते वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटते. सरकायला वेळ लागतोच. २०२४ च्या पेपरव्हाइटमध्ये पान २५ टक्के लवकर उलटते, असे कंपनी सांगते. ते खरे मानले तरी हा लाभ बोट ओळखले गेल्यानंतरचा आहे. आईची अडचण त्याच्या आधीची. २००७ च्या पहिल्या किंडलला पान उलटायची बटणे होती. बटण कोणत्याही बोटाने दाबता येते.

यंत्र जात पाहत नाही. आपल्या पूर्वजांच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला, तसला दुष्टावा इथे नाही. तरीही रेशन दुकानात झिजलेला अंगठा मशीनला ओळखता येत नाही, घरी पुस्तकाचे पान हलत नाही, आणि दोन्हीकडे अडतो तो राबणारा माणूस. आमच्यासारख्या कारकुनाचे मऊ बोट मात्र सगळीकडे चालते.

आम्ही नवे मॉडेल घेतले नाही. बोटाचे टोक न टेकता पेराचा सपाट भाग टेकायचा, बोट अगदीच कोरडे असेल तर ओल्या फडक्याला लावून घ्यायचे, एवढ्याने निम्मे काम झाले. उरलेले काम मोबाईलच्या दुकानात मिळणाऱ्या, रबरी टोकाच्या स्वस्त लेखणीने केले. ती मुठीत धरली की पडद्याला हाताचा स्पर्श नीट कळतो. आई आता कोणाला हाक न मारता पाने उलटते.

तेव्हा वाचकांना विनंती, की असे यंत्र घ्यायचे झाले तर दुकानात एकट्या मुलांना पाठवू नका. घरात ज्याने सर्वांत जास्त कष्ट उपसले, त्याला सोबत न्या आणि पहिले बोट त्याला लावू द्या. पान उलटले, तरच पैसे मोजा.