गुलाबी कागद

ट्रंक आवरताना तळाशी सराफी गुलाबी कागदाची घडी सापडली. कापराचा वास अजून गेला नव्हता. कागदावर पेन्सिलीनं एकाखाली एक दोन आकडे: १४२ आणि ८६. तोळे. वरचा चांदीच्या समयांच्या जोडीचा, खालचा लाख काढल्यावरचा.

मी नऊ वर्षांची होते. विहिरीवरच्या मोटरीसाठी आजोबांनी जोड मोडायला काढला. सराफानं मोर पिळून बाजूला ठेवले आणि बैठकीवर हातोडी घातली. आतून तपकिरी लाख ढेकळांसारखी पडली. आजी दर दिवाळीला रांगोळीनं घासायची तो नुसता पत्राच होता तर! कारागिराच्या नावाचा बैठकीखालचा ठसा पहिल्याच घावात चेपला. तो कधी कुणी वाचलाच नव्हता.

गरजेला चांदी मोडणारे आजोबा काही पहिलेच नव्हते. व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची टेबलं, मेणबत्त्यांची झाडं, नारिंगांच्या कुंड्यासुद्धा चांदीच्या होत्या. १६८९ साली लढाईला पैसा हवा म्हणून त्यानं हे सगळं टांकसाळीत धाडलं, जवळजवळ २० टन. यातलं बरंच पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातलं. आराखडे शार्ल ल ब्रंचे, घडवणारे आलेक्सी ल्वारसारखे चांदीकार. राजा १६६७ मध्ये तो कारखाना पाहायला गेला होता. तिथल्याच विणकरांनी ती भेट भिंतीवरच्या पडद्यात विणली, आणि त्यात गडी जडशीळ चांदी उचलून राजापुढे आणताना दिसतात. तो पडदा अजून आहे.

आमच्याकडे समयांचा एक फोटोही नाही.

राजाला निदान लढाई होती. आमची मोटर दुसऱ्याच उन्हाळ्यात जळाली. आजोबांना मी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण माफही केलेलं नाही. आजी मात्र दुकानात गप्प बसून होती. पैसे मोजून झाल्यावर सराफाला एवढंच म्हणाली, "लाख तुमच्या काय कामाची? बांधून द्या." तो हसला, वजनं लिहिली होती त्याच कागदात त्यानं पुडी बांधली.

घरी येऊन तिनं लाख निखाऱ्यावर पातळ केली आणि खिळखिळ्या झालेल्या सुरीच्या मुठीत ओतली. ती सुरी माझ्याकडे आहे. आज सकाळी तिनंच दुधी चिरला; मूठ हलत नाही.