हयातीतली साक्ष

चांदूर बाजारात, कास्तकाराच्या घरात कित्येक दशकं संसार केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. नवऱ्याची निष्ठा त्याने बायकोला काय आणून दिलं यावर मोजू नये. समाजाने न मागता त्याच्या पदरात टाकलेल्या कशाकशावर त्याने आपण होऊन पाणी सोडलं, यावर मोजावी. आमच्या इकडे पुरुषाला जन्मासोबतच चार गोष्टी मिळतात: वावराची मालकी, घरातला शेवटचा शब्द, आधी वाढलेलं ताट आणि थकल्यावर आडवं होण्याची मुभा. दारू न पिणं, हात न उगारणं, कमाई घरी आणणं याला मी निष्ठा म्हणत नाही. ती साधी माणुसकी झाली. आमच्या यांचं मोठेपण त्यापुढचं आहे. संत्र्याच्या बागेला रात्रीच्या लाइनवर ओलित करून आल्यावरही सकाळचा चहा त्यांनीच ठेवायचा, अंथरुणाला खिळलेल्या आईचं करणं सुनेवर न ढकलता स्वतः करायचं, बहाराचा सौदा ठरवण्याआधी मला विचारायचं आणि मी नाही म्हटलं तर ते ‘नाही’ पाळायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज आहे. यातलं काहीही न करता ते गावात भला माणूस म्हणूनच ओळखले गेले असते. म्हणून तर त्याची किंमत मोठी.

ही किंमत मी मायेपोटी फुगवत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या दर शंभर बायकांमधल्या सुमारे ८१ जणी दिवसभरात बिनपगारी घरकाम करताना आढळल्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण होतं सुमारे २६. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. म्हणजे घरकामाला हात लावणारा पुरुष चौघांतला जेमतेम एक, आणि त्याचाही वाटा बाईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. जमिनीची गोष्ट तर त्याहून अवघड. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. ज्या गावात शंभर घरधनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त मानायचं. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी हे दान म्हणून मागितलं नव्हतं, घरच्या लक्ष्मीचं फेडायचं राहिलेलं कर्ज म्हणून मागितलं होतं. प्रेमाचे शब्द बोलायला काही लागत नाही. सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवताना मात्र हातातली सत्ता जाते. निष्ठेचा पुरावा मी अशाच ठिकाणी शोधते.

हा पुरावा घराबाहेर दिसत नाही, म्हणून त्याला बायकोची साक्ष लागते. न्यायमूर्ती रानडे यांनी पत्नी रमाबाईंना स्वतः शिकवलं, घरातल्या बायकांचा रोष असतानाही शिकवलं, हे आज महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मुख्यतः रमाबाईंनी लिहून ठेवलं म्हणून. पण रानडे गेले १९०१ मध्ये आणि त्या आठवणी छापून आल्या १९१० मध्ये. आमच्या विदर्भाची राजकन्या इंदुमती हिच्यावर अजाचं किती प्रेम होतं, तेही कालिदासाच्या ‘रघुवंशा’त ती गेल्यावरच्या विलापातून कळतं. जोडीदाराचं मोल तो गेल्यावर सांगायची आपली रीत जुनी आहे, आणि ती मोडावी असं मला कळकळीने वाटतं.

यावर पहिला आक्षेप माझ्याच लेकी-सुनांच्या पिढीचा: बाई जन्मभर राबते तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही, मग पुरुषाने कप विसळला तर कौतुक कशाला? त्यांचा राग रास्त आहे. पण मी मागते ते कौतुक नव्हे, साक्ष आहे, आणि खरी साक्ष दोन्ही बाजूंची असते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे नमून अकरा वर्षांच्या मुलीशी, म्हणजे याच रमाबाईंशी, लग्न केलं, हेही त्याच इतिहासात आहे. नेमकं सांगू लागलं की उणंही आपोआप दिसतं. आमच्या घरीही सणावाराचा सगळा भार माझ्यावरच राहिला, हे मी त्याच तोंडाने सांगते. दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: नवरा-बायकोचं असं चारचौघांत बोलू नये, ते मनात असावं. पण चांगल्या नवऱ्यांबद्दल घरं मुकी राहिली की पारावर आवाज उरतो तो बायकोला धाकात ठेवण्याची फुशारकी मारणाऱ्यांचा, आणि वाढत्या पोरांच्या कानावर तेवढंच पडतं. मर्यादेच्या नावाखाली आपण त्यांच्यापुढचा चांगला धडाच झाकून ठेवतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ज्या वऱ्हाडात कर्ज आणि नापिकीपायी इतक्या कास्तकारांनी जीव दिला, तिथे भरल्या घरच्या बाईने नवऱ्याचं गुणगान करावं का? त्या बायांचं दुःख माझ्या शब्दांनी वाढू नये, एवढी काळजी मी घेतेच. त्या मरणांमागे पडलेले भाव आहेत, सावकारी आहे, पाऊस आहे. घरातल्या कोणाच्या माथी तो दोष मारणं अन्याय ठरेल. तरीही पुरुषाची लायकी फक्त एकरी उताऱ्यावर आणि थकबाकीवर ठरवणारी नजर आपल्या सगळ्यांची आहे, आणि ती बदलणं आपल्या हाती आहे. पीक बुडालेल्या वर्षीही जो घरातलं ओझं वाटून घेतो, त्याची पत बँकेच्या कागदावर दिसत नाही. ती त्याच्या बायकोला ठाऊक असते. म्हणून ती तिने सांगावी, नेमकी सांगावी, आणि त्याच्या हयातीत, त्याला ऐकू जाईल अशी सांगावी.