पोटात चाललंय तरी काय!

हल्ली मी भेटेल त्याला धरून एकच विषय सांगत सुटले आहे. पण करू काय! आपल्या आतड्यातले जिवाणू आणि आपली प्रतिकारशक्ती एकमेकांना घडवतात, हे कळल्यावर गप्प बसायचं तरी कसं?

सुरुवात झाली ती जंतुविरहित उंदरांपासून. हे उंदीर जन्मापासून बंद पेटीत वाढवतात. हवा, पाणी, खाणं सगळं निर्जंतुक. एकही जंतू नाही, म्हणजे तब्येत ठणठणीत? छे! त्यांच्या आतड्याच्या भिंतीतल्या प्रतिकारपेशींच्या गाठी खुरटलेल्या, प्रतिपिंडं तुटपुंजी. त्यांना साध्या उंदरांच्या पोटातले जिवाणू द्या, की ही यंत्रणा भराभर वाढीला लागते. परक्यांना ओळखायचं काम जिचं, तिला घडवायला परकेच हवेत! हे वाचून मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

पुढे तर कहरच. न्यूयॉर्क विद्यापीठात डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत एकाच वाणाचे उंदीर दोन पुरवठादारांकडून येत, टॅकॉनिक आणि जॅक्सन. टॅकॉनिकच्या उंदरांच्या लहान आतड्यात टीएच-१७ नावाच्या लढाऊ पेशी भरपूर. जॅक्सनच्या उंदरांत जवळजवळ नाहीतच. वाण एक, मग एवढा फरक कसा? दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात (हे मी जेवताना सांगितलं, तेव्हा लेक ताट उचलून हॉलमध्ये गेली), आणि जॅक्सनच्या उंदरांतही त्या पेशी दिसू लागल्या! २००९ मध्ये करामत करणारा सापडला: लहान आतड्याच्या शेवटच्या भागात भिंतीला चिकटून राहणारा, दोऱ्यासारखा लांबट जिवाणू. तो एकटा पोटात गेला तरी टीएच-१७ पेशी तयार होतात, आणि मग आतड्याला आजारी पाडणाऱ्या दुसऱ्या जंतूशी उंदीर जास्त नेटाने झुंजतो.

आता उलट बाजू ऐका. आपलं शरीर आयजीए नावाची प्रतिपिंडं आतड्यात सोडतं, तीही रोज काही ग्रॅम. चक्क ग्रॅममध्ये! जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं होतं, की ज्या उंदरांना ही प्रतिपिंडं बनवताच येत नाहीत, त्यांच्यात हाच दोऱ्यासारखा जिवाणू बेसुमार माजतो. म्हणजे तो पेशी घडवतो आणि शरीर त्याला आवरतं. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा आतड्यातला दुसरा जिवाणू तर त्याहून वस्ताद. तो याच प्रतिपिंडांचा आधार घेऊन आतड्याच्या बुळबुळीत थरात मुक्काम ठोकतो, असं २०१८ मध्ये कॅलटेकच्या संशोधकांना आढळलं. पोलिसाच्याच घरात बिऱ्हाड थाटल्यासारखं!

मग तो दोऱ्यासारखा जिवाणू चांगला म्हणायचा का? थांबा. सांधेदुखीकडे जन्मजात कल असलेले उंदीर जंतुविरहित ठेवले, तर त्यांचा आजार सौम्य राहतो. त्यांच्या पोटात हा एकच जिवाणू सोडला, की सांधे सुजतात. २०१० चा प्रयोग आहे हा. जिवाणू आतड्यात आणि सूज सांध्यात! एका उंदराचा राखणदार, दुसऱ्याच्या जिवाला ताप.

भडकवणारे आहेत, तसे शांत करणारेही आहेत. २०१३ मध्ये केन्या होंडा आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसाच्या विष्ठेतून जिवाणूंचे १७ वाण वेगळे काढले. ते दिल्यावर उंदरांच्या आतड्यात प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी-रेग पेशी वाढल्या. त्याच वर्षी आणखी एक दुवा जुळला: आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं रसायन तयार होतं, आणि उंदरांत तेच टी-रेग पेशींना बळ देतं. आमची भाकरी आणि शेपूची भाजी प्रतिकारशक्तीशी बोलत असेल, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं!

यातलं बरंचसं उंदरांतलं. माणसाचं पोट याहून गुंतागुंतीचं. म्हणूनच बाटलीवर ‘चांगले जिवाणू’ असं वाचलं की आता मला विचारावंसं वाटतं: चांगले, पण कोणाच्या पोटात?

सध्या आईच्या दुधाबद्दल वाचतेय. त्यात बाळाला पचतच नाहीत अशा साखरा असतात, आणि त्यांच्यावर बाळाच्या पोटातले बिफिडोबॅक्टेरिया पोसतात! आहे का कोणाला वेळ ऐकायला?