आमचा काळा कोट

गेल्या वैशाखात न्यायालयाच्या पायऱ्या चढत असता आमच्या कोटाची उजवी काख टर्रकन फाटली. सनद घेतली त्या वर्षी शिवलेला तो सुती कोट. कोपरांना दोनदा रफू झाले होते, गळपट्टी तांबूस पडली होती. तरी तापीकाठच्या दमट उकाड्यात घाम टिपून घेण्याचे व्रत त्याने कधी मोडले नव्हते. (खालच्या न्यायालयांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही, हे आम्ही जाणतो, पण कोटावाचून उलटतपासणीस उभे राहिलो की आमची जीभच अडखळते.)

नवा शिवावा म्हणून रिंगरोडवरील कापडबाजार पालथा घातला. शिवछत्रपतींनी १६६४ व १६७० साली लुटली ती हीच सुरत. जिचे सुती कापड गलबतांतून अरबस्तानापर्यंत जाई तीही हीच. आज येथील यंत्रमागांवर मुख्यतः कृत्रिम धाग्याचे कापड निघते. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे पॉलिएस्टर जन्मभर फाटायचे नाही!" खरे होते ते, पण हा धागा पाणी म्हणून शोषीत नाही. भिडेखातर एक कोट शिवून घेतला. दोन सुनावण्यांत पाठभर घामोळे उठले, आणि साक्षीदाराऐवजी आम्हीच चुळबुळू लागलो.

अखेरीस एका वृद्ध दरजीकाकांनी कोठूनसे जाड काळे सुती ड्रिल पैदा केले. नेमका तसाच बेत हवा तर जुना कोट उसवावा लागेल, असे ते म्हणाले, तेव्हा आम्ही क्षणभर गप्प राहिलो. मग, बटणे तेवढी जुनीच लावा, असे सांगून तो त्यांच्या हाती दिला.