भरती येऊ द्या, मग नेतो

परवा स्टेटसला होडीतला एक फोटो टाकला. त्यावर एका मित्रानं लिहिलं, "पत्रकार साहेब, मजा आहे तुमची. शेगावात प्यायला पाणी नाही आन् तुम्ही पाण्यात फिरता." हसण्यावारी नेलं. पण दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबली आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात पोरीपासून झाली. ती नववीला आहे. तिनं कुठंतरी रील पाहिलं. परदेशातली खारफुटी, हिरवं पाणी, पिवळी कयाक, आणि पुढे वाटाड्या सगळ्यांना एका समुद्रगुहेत घेऊन जातो. "बाबा, आपण कधी जायचं?" आता आम्ही पूर्णेच्या काठची माणसं. आम्हाला होडी म्हणजे आनंद सागरच्या तळ्याची आठवण, आणि पोहणं म्हणजे विहिरीत ढकलून देणं. पण नागपूर–मडगाव गाडी शेगावला थांबते, सरळ कुडाळला उतरता येतं, हे मीच एका बातमीत लिहिलं होतं. बातमी अंगाशी आली. जानेवारीत निघालो. मी, बायको, पोरगी.

पहिल्या दिवशी गेलो ते एका किनाऱ्यावर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पावती नाही आणि तो माणूस तिथं आजही धंदा करत असेल. "कयाकिंग, गुहा दाखवतो, तासाभरात परत" असा बोर्ड होता. पैसे घेतले, तिघांना लाईफ जॅकेट दिलं. पोरीच्या जॅकेटच्या दोन बकलांपैकी एक तुटलेलं, तिथं नाड्याची गाठ मारलेली. मी म्हटलं, दुसरं द्या. तो म्हणाला, "काका, पाणी कंबरेएवढंच आहे." मग मी विचारलं, भरती किती वाजता? त्यानं समुद्राकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालू आहे, पण गुहेपर्यंत काही होत नाही."

मी पोहणारा माणूस नाही. पण वीस वर्षं अपघाताच्या बातम्या लिहिल्यात, "काही होत नाही" हे वाक्य मला पाठ आहे. प्रत्येक बातमीत कुणीतरी ते आदल्या तासाला म्हटलेलं असतं.

गुहेचं गणित नंतर एका कोळी गृहस्थानं समजावलं. लाटा वर्षानुवर्षं खडकाच्या भेगेत आपटतात, भेग रुंदावते, तिची गुहा होते. म्हणजे ती जागा तयारच झाली आहे लाटांच्या माऱ्यानं. ओहोटीला तोंड मोकळं दिसतं. भरती चढू लागली की पाणी आणि छत यांतलं अंतर कमी होत जातं. त्यातच बाहेरून एक मोठी लाट आली तर आतली कयाक खाली जात नाही, वर उचलली जाते. वर खडक असतो. साधी गोष्ट आहे, पण आपल्याकडच्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं. आपल्याला पूर माहीत, भरती नाही. पूर दिसतो, गढूळ असतो, आवाज करत येतो. भरती येते ती छान निळी.

बायकोनं निर्णय घेतला. "मले नाई जमत हे. पोरीले बी नाई पाठवत मी. पैसे गेले त गेले." पोरगी रडली. पैसे परत मिळाले नाहीत. मी तावातावानं बोललो, त्याचा उपयोग झाला नाही. संध्याकाळी पोरगी जेवली नाही आणि मला वाटत राहिलं की आपण उगाच घाबरलो का?

नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोन पर्यटक गेले. त्यातला एक अकोल्याचा होता. अकोला म्हणजे आमचं शेजारघर. त्या दिवशी बातमीची मांडणी मीच केली होती. हेडिंग दिलं, फोटो लावला, पान सोडलं आणि घरी जाऊन जेवलो. पर्यटकांनी भरतीची वेळ विचारावी, बकल ओढून पाहावं, बोटीत किती माणसं बसवतात ते मोजावं, असं चार ओळींचं चौकटीतलं साहित्य मी त्या बातमीला जोडू शकलो असतो. सुचलं नाही. विदर्भातून दर सुट्टीत इतके लोक कोकणात जातात, आणि आम्ही त्यांना फक्त 'स्वस्त आणि मस्त सहल'च छापून देतो.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला गेलो. बंदराजवळ मांडवी खाडी आहे. तिथं 'स्वामिनी' नावाचा महिला बचत गट २०१७ पासून कांदळवन सफर चालवतो. सगळ्या बायका मच्छीमार घरांतल्या. यूएनडीपीच्या सिंधुदुर्ग प्रकल्पाचं आणि कांदळवन कक्षाचं पाठबळ मिळालं, होडी वल्हवायला शिकल्या, झाडांची नावं शिकल्या. घरात होड्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या, पण वल्हं हातात घेणारी बाई नव्हती. आता माणसं बसवून नेतात. ही कयाक नव्हे, साधी वल्ह्याची होडी. पोरगी आधी हिरमुसली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. एक ताई म्हणाल्या, "सुकती लागली हा. भरती येवंदे, मगे न्हेतंव." सुकती म्हणजे ओहोटी, हे तिथं कळलं. समोर गिऱ्हाईक उभं, खिशात पैसे तयार, आणि ह्या बाई म्हणतात नंतर या! आदल्या दिवशीच्या त्या नाड्याच्या गाठीनंतर मला ते वाक्य इतकं बरं वाटलं की आम्ही तिथंच कट्ट्यावर बसून राहिलो. भरती-ओहोटी साधारण सहा सहा तासांनी पालटते, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या धंद्याला रोजचा ठरलेला टाइम नाही. चंद्र ठरवतो ते वेळापत्रक. आमच्या बसस्टँडपेक्षा बरं म्हणायचं, निदान आधी कळतं तरी.

मग होडीत बसलो. जॅकेटचे बंद त्यांनी स्वतः ओढून पाहिले, पोरीचे दोनदा.

आत गेल्यावर आवाजच बंद होतो. दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, मुळं पाण्याबाहेर. काही मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. ती श्वासासाठी. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवर आणि चिप्पी मुळांना वर पाठवतात. कांदळाचं वेगळं, तो मचाणासारखा आडव्या-तिडव्या मुळांवर उभा राहतो. त्याच्या बिया झाडावरच रुजतात. हातभर हिरव्या शेंगेसारखं रोप लटकत असतं, ते वेळ आली की खाली पडतं आणि चिखलात उभं रुततं, नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतं. ताई हे सांगताना मध्येच 'रायझोफोरा' म्हणाल्या, अगदी सहज, जसं आपण 'ज्वारी' म्हणतो. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्रानं राज्य कांदळवृक्ष जाहीर केलं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी तिवराचं एक पान खाली वाकवून बायकोपुढे धरलं. म्हणाल्या, जीभ लावून बघा. तिनं लावली. खारट. पानावर मिठाचे बारीक कण होते. तिवर खारं पाणी ओढतो आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतो. कांदळ तर मुळाशीच बहुतेक मीठ अडवतो, नव्वद टक्क्यांहून जास्त. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "ओ, हे त आपल्या बोअरचं पानी हाय."

हसलो सगळे. मग पोरगी म्हणाली, "मोठ्या बाबांच्या किडनीनं पण असंच केलं असतं तर?" त्यावर कुणी काही बोललं नाही. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता.

जे बाहेरचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. आमचा भाग खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून आठशेहून जास्त गावं. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे खोल थर आहेत आणि त्यातलं पाणी क्षारयुक्त. म्हातारी माणसं म्हणतात इथं कधीकाळी समुद्र होता. असेल नसेल, पण चहा फाटतो, डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत किडनीचे पेशंट किती आहेत हे कुणाला सांगायला नको, प्रत्येक गल्लीत एक नाव घेता येतं. माझा मोठा भाऊ शेती करतो. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागतं. डॉक्टर नेमकं कारण सांगत नाहीत, गावातलं प्रत्येक माणूस पाण्याकडे बोट दाखवतं. वान धरणाचं गोड पाणी नळानं आणायची योजना झाली, काही गावांना दिलासाही मिळाला. भावाच्या गल्लीत नळ आला तेव्हा त्याचे दोन्ही रिपोर्ट आधीच आले होते.

आता त्या मित्राच्या टोमण्याकडे येतो. 'प्यायला पाणी नाही आन् पाण्यात फिरता.' मला त्या खाडीत वारंवार एकच गोष्ट खुपत होती. खारं पाणी त्यांच्याकडेही आहे. त्या पाण्याचं काय करायचं याचा विचार तिथं सरकारनं केला, पैशासकट केला. २०१७ मध्ये राज्यानं कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना आणली. गावातल्या गटानं खेकडे, कालवं, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असं काही करायचं तर ९० टक्के अनुदान, गटाचे फक्त १० टक्के. अट एकच, कांदळवन सांभाळायचं. ज्याचं पोट त्या झाडावर, तो ते झाड तोडू देणार नाही. सरकारी योजनांत इतका साधा हिशेब क्वचित दिसतो.

सगळं छान आहे असं नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनाची तोड म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला असं ठरवलं. त्याच न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२,००० कांदळं तोडायला परवानगी दिली, कारण प्रकल्प लोकहिताचा. लोकहित या शब्दात कोण कोण मावतं ते मला अजून समजलेलं नाही. मांडवीच्या त्या बायका नक्की मावतात का?

आणि आमच्याकडे? लोणार घ्या. बुलढाणा जिल्ह्यातच. खारं, अल्कधर्मी पाणी, उल्केनं पडलेला खड्डा, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसरच्या यादीत आलेलं सरोवर. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी पहिल्या पानावर फोटो छापले. मी चार-पाच वेळा गेलोय. एकदाही बचत गटातली बाई पुढे येऊन, "चला, हे झाड हे, हा दगड असा का," असं सांगणारी मला भेटली नाही. तळ्यात होड्या घाला असं मी म्हणत नाही, कृपा करून घालू नका. कडेनं चालवत नेऊन सांगायला काय लागतं? बायको ज्या बचत गटात आहे तो दहा वर्षं पापड आणि शेवया करतो. पापड वाईट नाहीत. पण दहा वर्षांत कुठल्याही प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात पापड, मसाला, अगरबत्ती, शिवणकाम यापलीकडे कुणी त्यांना काही विचारलं नाही. मीही त्या कार्यक्रमांच्या बातम्या आलेल्या प्रेसनोटवरून जशाच्या तशा छापल्या. 'महिलांनी स्वावलंबी व्हावे' हे हेडिंग माझ्या हातून किती वेळा गेलं असेल देव जाणे.

गुहा पोरीला दिसली नाहीच. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात दीपगृहाची बेटं आहेत, तिथल्या गुहांत पाकोळ्या राहतात. लाळेनं घरटं बांधणारा पक्षी. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात म्हणून ती चोरली जायची, मग निसर्गप्रेमींनी पाठपुरावा करून ते रोखलं. पोरगी म्हणाली, तिकडे जाऊ. मी म्हटलं, तिथं आपण न गेलेलंच त्यांच्यासाठी बरं. यावर तिचं माझं अजून भांडण आहे.

परत आल्यावर मंगळवारी भावाला घेऊन गेलो. चार तास मशीनला बसायचं असतं, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. तिवराचं पान, मीठ, बायकोचा वाकडा चेहरा. तो बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "ते झाड आपल्या वावरात लागन काय रे?" मी म्हटलं, नाही लागणार दादा, त्याला भरती-ओहोटी लागते. तो म्हणाला, "मंग रायलं," आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितलं.

बायकोच्या गटाची बैठक येत्या शनिवारी आहे. लोणारचा विषय ती मांडणार आहे. मला यायचं नाही असं सांगून ठेवलंय, बातमी करशील म्हणून.